दर कुत्र्यामागे आठ आणे : मुंबईच्या प्राणिनियमांचा दोनशे वर्षांचा हिशेब

#थ्रेड #इतिहास #मुंबई

१.
भटक्या कुत्र्यांचा प्रश्न पेटला की समाजमाध्यमांवर दोन इतिहास फिरू लागतात. पहिला सांगतो : इंग्रजांच्या अमदानीत कुत्री मारली जात, म्हणून रस्ते सुरक्षित होते. दुसरा सांगतो : मुक्या जनावराला मोकळे सोडून घास घालणे हाच आपला धर्म, परवाने, दंड आणि बंधने ही परक्यांची देणगी. हे दोन्ही इतिहास खोटे आहेत. त्यांची किंमत मात्र ते लिहिणारे चुकवीत नाहीत. ती चुकवतात रेबीजने दगावणारी, बहुतांशी गरीब घरांतील माणसे आणि मुले.

२.
आरंभ १८१३ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या नियमाने मुंबईत वर्षातून दोन ठरावीक मुदतींत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिली : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उष्म्याने कुत्री पिसाळतात, ही त्या काळची समजूत होती. रेबीजचा विषाणू किंवा लस यांतले काहीच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ज्ञान नव्हते, तरी हुकूम निघाला. तेवढ्यावरून त्या काळाला दोष देता येत नाही. दोष पुढे आहे.

३.
१८३२ मध्ये मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. कष्टकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. इथेच नियमाचा कणा मोडला. इनाम कुत्र्याच्या संख्येवर होते. कुत्रा पिसाळलेला होता की निरोगी, बेवारस होता की कोणाच्या ओसरीवर वाढलेला, याच्याशी इनामाचा काही संबंध नव्हता. पिसाळलेला कुत्रा पकडणे जिवावरचे काम. माणसाळलेला कुत्रा हाक मारताच जवळ येतो. आठ आणे दोघांचेही सारखेच.

४.
परिणाम व्हायचा तोच झाला. कुत्री मारणारे घरांच्या आवारात शिरू लागले, पाळलेली जनावरे ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही मोहीम थांबली नाही. कोटात जमलेल्या पारशांच्या जमावाने मोहिमेवर असलेल्या युरोपीय शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांतील काही मंडळीही त्यात सामील झाली. कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडविण्यात आली. मुख्य न्यायाधीशांच्या गाडीवर घाण फेकली गेली. अखेर लष्कर आले, धरपकड झाली आणि शहर शांत झाले.

५.
या घटनेचा आजचा वापर पाहण्यासारखा आहे. एक पक्ष म्हणतो, पाहा, दोनशे वर्षांपूर्वीही लोक श्वानप्रेमाने आंधळे होते. दुसरा म्हणतो, पाहा, प्राण्यांसाठी रस्त्यावर उतरण्याची आपली परंपरा. दोघेही दंगलीचे कारण कुत्र्यात शोधतात. इतिहासकार जेसी पालसेतिया यांनी या दंगलीचा अभ्यास करताना पारशी समाज आणि वसाहतीचे सरकार यांच्यातील गुंतागुंतीच्या संबंधांकडे लक्ष वेधले आहे. सरकारचा मित्र म्हणविणाऱ्या समाजाच्याच उंबरठ्यावर सरकारचा माणूस दांडके घेऊन उभा राहिला, हे त्या उद्रेकाचे एक मोठे अंग होते. कोणताही स्थानिक नियम लोकांना विश्वासात न घेता, केवळ इनामाच्या जोरावर राबविला की त्याची गत अशीच होते.

६.
पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे आहे, हे खरे. अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखविण्याचा ‘सगदीद’ हा विधी प्रसिद्ध आहे. वेंदिदाद या ग्रंथाचा तेरावा अध्याय तर मुख्यतः कुत्र्यांविषयीच आहे. मेंढपाळाच्या वा घराच्या राखणदार कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्यास त्यात शिक्षा सांगितली आहे. एवढा भाग पुष्कळांना माहीत असतो. पुढचा भाग सांगितला जात नाही.

७.
त्याच अध्यायात ठिकाणावर नसलेल्या, न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याचे काय करावे, हेही आहे. त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा अडकवावा, त्याला खांबाशी बांधावे, आजारी माणसावर करावेत तसे त्याच्यावर उपचार करावेत. म्हणजे जगातील सर्वांत श्वानप्रेमी धर्मग्रंथांपैकी एक ग्रंथ कुत्र्याला मोकाट सोडा असे म्हणत नाही. त्याला खायला कोणी घालावे, बांधावे कोणी आणि उपचार कोणी करावेत, ही कर्तव्ये तो माणसांवर टाकतो. करुणा आणि बंधन ही तिथे एकाच वाक्याची दोन अंगे आहेत.

८.
ब्राह्मणी परंपरेतील ग्रंथ काय म्हणतात? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्याच्या चराईत घुसलेल्या जनावरांसाठी मालकाला दंड आहे, आणि तो जनावराच्या आकारमानानुसार ठरविलेला आहे : उंट-म्हशींना अधिक, गाई-घोड्या-गाढवांना कमी, लहान जनावरांना त्याहून कमी. शिंगाळ किंवा सुळे असलेले जनावर माणसाला मारत असताना मालकाने त्याला सोडविले नाही, तर मालकाला दंड आहे. नुसत्या दयेच्या जोरावर जनावरांचा कारभार चालतो, असे कौटिल्याला कधी वाटले नाही.

९.
मनुस्मृतीतील पशुपाल आणि शेतमालक यांच्या वादाचे प्रकरण तर आजच्या नगरसेवकांनीही वाचावे. गावाभोवती चराईसाठी मोकळी जागा राखावी, असे तिथे सांगितले आहे. त्या जागेत कोणी कुंपण न घालता पीक घेतले आणि ते जनावरांनी खाल्ले, तर राजाने गुराख्याला दंड करू नये. ग्रंथाची वर्णव्यवस्था त्याज्यच आहे. पण या एका नियमामागचा विचार स्पष्ट आहे. सार्वजनिक जागेची सोय करणे हे गावाचे काम, कुंपण घालणे हे शेतमालकाचे आणि जनावर सांभाळणे हे गुराख्याचे. तिघांपैकी चूक ज्याची, भुर्दंडही त्यालाच.

१०.
तेव्हा ‘नियम परक्यांनी आणले’ हा दावा इथेच निकालात निघतो. परक्यांनी जे आणले ते वेगळेच होते : ज्याला नाव-गाव नाही अशा जनावरावर नजर रोखणारा आणि जबाबदार माणसाकडे पाठ फिरविणारा नियम.

११.
१८३२ च्या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद अर्थात मोतीशा हे त्याचे आधारस्तंभ. भुलेश्वरच्या परिसरातील ही संस्था आजही त्या भागाला नाव देऊन उभी आहे. दोघेही बडे व्यापारी, दोघांचाही चीनच्या अफूव्यापाराशी संबंध. ज्या पैशाने परदेशातील माणसे व्यसनात बुडत होती, त्या पैशाने इथली जनावरे जगली, हा विरोधाभास झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१२.
तरीही पांजरपोळाने एक गोष्ट बिनचूक केली. दयेचा खर्च कोणी द्यायचा, हे तिने ठरविले. व्यापारी महाजन आपल्या मालावर लाग बसवीत आणि ते पैसे जनावरांच्या चाऱ्यापाण्याला जात. ज्याला जीव वाचवायचा आहे त्याने त्या जिवाला जागा द्यावी, अन्न द्यावे आणि हिशेब ठेवावा, असा तो व्यवहार होता. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ सुरू झाले. तिथेही तत्त्व तेच : करुणेला पत्ता आणि हिशेबवही दोन्ही हवीत.

१३.
आता लंडनकडे वळावे. ‘इंग्रजांनी कुत्री मारून रेबीज संपविला’ असे जे सांगतात, त्यांनी इंग्रजांनी स्वतःच्या देशात काय केले ते पाहिलेले नसते. ब्रिटनमध्ये १८६७ पासून कुत्रा पाळणाऱ्याला दरसाल पाच शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे. १८७८ मध्ये ती रक्कम साडेसात शिलिंग झाली. परवाना कुत्र्याच्या नावे नव्हे, मालकाच्या नावे असे. चुकला तर न्यायालयात मालकालाच उभे राहावे लागे.

१४.
१८९७ मध्ये शेतकी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी रेबीजग्रस्त भागांत कुत्र्यांना मुसके बांधण्याचा आदेश कडकपणे लागू केला. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी विलगीकरण आले. श्वानप्रेमी खवळले, सभा झाल्या, अर्ज गेले. लाँग मागे हटले नाहीत. १९०२ पर्यंत ब्रिटन रेबीजमुक्त झाले. पहिल्या महायुद्धानंतर परदेशातून आलेल्या कुत्र्यांमुळे रोग पुन्हा शिरला, आणि त्याच उपायांनी १९२२ पर्यंत पुन्हा हुसकला गेला.

१५.
इथे एक आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्येही बेवारस कुत्री धरून मारली जात. लंडनच्या १८६० मध्ये स्थापन झालेल्या श्वानगृहातही असंख्य कुत्र्यांचा शेवट झाला. शिवाय बेटाला समुद्राचे कुंपण असते. हे सर्व मान्य. परंतु मारणे हा तिथल्या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा होता. आधी परवाना होता, मुसके होते, दंड होता, सरहद्दीवर तपासणी होती.  मुंबईत मात्र पहिला आणि शेवटचा टप्पा एकच होता : आठ आणे आणि दांडके. मायदेशात मालकाची जबाबदारी आणि वसाहतीत जनावराची शिकार, हा भेद विसरून ‘इंग्रजी शिस्ती’चे गोडवे गाणे हे इतिहासाचे अज्ञान होय.

१६.
इनामाची ही पद्धत केवळ मुंबईतच फसली असे नाही. दिल्लीतील नागांच्या इनामाची गोष्ट हमखास सांगितली जाते, पण तिला समाधानकारक दस्तऐवजी आधार नाही. ती बाजूला ठेवावी. हनोईचे उदाहरण मात्र नोंदलेले आहे. १९०२ मध्ये तिथल्या फ्रेंच प्रशासनाने प्लेगच्या भीतीने उंदरांवर इनाम लावले आणि पुरावा म्हणून शेपटी मागितली. लवकरच शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून दिला की तो पिल्ले घालतो, आणि पिल्लांनाही शेपट्या असतात. डोक्यामागे पैसे दिले की डोकी वाढतात. हा नियम जनावरांचा नाही, माणसांचा आहे.

१७.
वसाहतीच्या कायद्याचा दुसरा चेहरा खेड्यात दिसतो. तो म्हणजे कोंडवाडा. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आजही अनेकांना केवळ ‘कोंडवाड्याचा कायदा’ म्हणून ठाऊक आहे. त्यातील ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, बकऱ्या सारे येतात. पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे, सात दिवसांत कोणी आले नाही तर पुढची कारवाई होऊन लिलाव व्हावा, अशी त्याची रचना. जप्त होणारे जनावर जबरदस्तीने सोडविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड.

१८.
कागदावर पाहिले तर हा मालकाला जबाबदार धरणारा कायदा आहे. मग तो जुलमी का ठरला? कारण मनुस्मृतीतही जी अट होती, तीच इथे गळाली. चराईची जागा राखणे हे शासनाचे कर्तव्य होते. तिथे तर शासनाने जंगल खात्याची कुंपणे घातली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात याच दुखण्यावर बोट ठेवले : डोंगराळ रानांत चार जनावरे चारून जगणाऱ्या गरिबाची चराई जंगल खात्याने गिळली. आधी गायरान काढून घ्यायचे आणि मग गाय रस्त्यावर आली म्हणून दंड करायचा, याला नियमन म्हणत नाहीत. याला वसुली म्हणतात.

१९.
आता विसाव्या शतकातील सर्वांत गैरवापर झालेला प्रसंग. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील साठ भटकी कुत्री मारविली. जीवदयावादी संस्थेने महात्मा गांधींकडे दाद मागितली. गांधींनी साराभाईंची बाजू घेतली, आणि देशभर गदारोळ उठला. ‘यंग इंडिया’त त्यांनी त्यावर लेखमालाच लिहिली. आज कुत्री मारा म्हणणारे या लेखमालेचा अर्धा भाग मिरवतात आणि कुत्री वाचवा म्हणणारे ती कधी घडलीच नाही असे वागतात.

२०.
पूर्ण लेखमालेचा रोख वेगळाच होता. बेवारस कुत्रा असणे ही समाजाची लाज आहे, असे गांधींचे म्हणणे. दारात आलेल्या कुत्र्यापुढे शिळा तुकडा टाकून पुण्य मिळविणे त्यांना दयेची विटंबना वाटे. दया करायची तर कुत्रा पाळावा, त्याचा मालक व्हावे, किंवा अशा जनावरांसाठी स्वतंत्र व्यवस्था करून तिचा खर्च उचलावा. महाजन, नगरपालिका आणि राज्य यांनी आपली कामे केली नाहीत म्हणून मारण्याची वेळ आली, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मारणे त्यांनी अपयशाचा पुरावा मानले. आजचे लोक त्यालाच धोरण म्हणतात.

२१.
गांधींच्या वेळीही एक गोष्ट उपलब्ध होती, जी १८३२ मध्ये नव्हती : लस. १८८५ मध्ये पाश्चरने रेबीजची लस माणसावर प्रथम वापरली. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. भारतातील दंश झालेले लोक लांबून तिथे जाऊ लागले. पण कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचून रोगाचे मूळच तोडावे, ही कल्पना आपल्या शहरांच्या कारभारात पुढे कित्येक दशके रुजली नाही. दांडके स्वस्त वाटत राहिले.

२२.
मुंबईत पालिकेकडून कुत्री मारली जाणे १९९४ मध्ये थांबले. १८१३ पासून मोजले तर ही एकशे ऐंशी वर्षे होतात. एखादा उपाय एकशे ऐंशी वर्षे वापरल्यानंतरही रोग आणि कुत्री दोन्ही शिल्लक असतील, तर त्या उपायाची परीक्षा पुरेशी झाली, असे मानायला हरकत नसावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही १९९० च्या दशकात हेच नोंदविले की नुसत्या मारण्याने कुत्र्यांची संख्या किंवा रेबीजचा प्रसार टिकाऊ रीतीने घटल्याचा पुरावा नाही.

२३.
कारण सोपे आहे. शहरात किती कुत्री जगतील, हे उघड्यावरच्या अन्नावरून ठरते. कचराकुंडी, मासळीबाजाराचा निचरा, मटणाच्या दुकानामागचा उकिरडा, लग्नाच्या हॉलमागे फेकलेल्या पत्रावळी. गल्लीतील दहा कुत्री मारली आणि उकिरडा तसाच ठेवला, तर शेजारच्या गल्लीतील कुत्री तिथे येतात, मागे राहिलेल्या कुत्र्यांची पिल्ले अधिक जगतात. नवी कुत्री तरुण, लस न टोचलेली आणि हद्दीसाठी भांडणारी असतात. म्हणजे मारणारा माणूस खर्च करून धोका विकत घेतो.

२४.
२००१ मध्ये केंद्राने श्वान जन्मनियंत्रणाचे नियम केले. धरा, निर्बीजीकरण करा, लस टोचा, त्याच जागी सोडा. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांविरुद्ध आज मोठा रोष आहे, आणि तो सगळाच अनाठायी नाही. निर्बीजीकरण संथ काम आहे. एखाद्या भागातील बहुसंख्य कुत्र्यांवर थोड्या काळात शस्त्रक्रिया झाली तरच संख्या उतरते. आज या प्रभागात चाळीस, उद्या त्या प्रभागात तीस, मग निविदा संपली, मग सहा महिने काहीच नाही : अशा कारभाराने आकडे भरतात, कुत्री कमी होत नाहीत. नियम राबविण्याआधीच तो फसल्याचे जाहीर करणे आणि अर्धवट राबवून तो यशस्वी म्हणणे, हे दोन्ही अप्रामाणिकपणाचे प्रकार आहेत.

२५.
तिसरा अप्रामाणिकपणा सुशिक्षित सोसायट्यांचा आहे. २००१ च्या नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले : पाळीव आणि रस्त्यावरचे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, प्रजननावर नियंत्रण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी, असे त्यांत स्पष्ट होते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नोंदणी सक्तीची आहे. तरी हौसेने महागडे पिल्लू आणायचे, परवाना काढायचा नाही, मुसके ‘क्रूर’ वाटते म्हणून बांधायचे नाही आणि बदली झाली की कुत्र्याला महामार्गावर सोडून यायचे, हा प्रकार सर्रास चालतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पहिली पिढी कित्येकदा अशाच एखाद्या मोटारीतून उतरलेली असते.

२६.
या सोडून देण्याला कायद्यात शिक्षा काय? १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात भूक-तहानेने जनावराला यातना होतील अशा स्थितीत ते टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड : किमान दहा रुपये, कमाल पन्नास रुपये. आठवावे की १८७१ च्या कायद्यात जप्तीतले गुरू सोडवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला पाचशेपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद होती. शेतकऱ्याची गाय आणि बंगल्यातला कुत्रा यांना कायदा किती वेगळ्या तराजूने तोलतो, हे या दोन आकड्यांत दिसते.

२७.
जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका निर्माण करणे हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेतही कलम २८९ होतेच. म्हणजे मालकाला धरणारा कायदा नाही, ही तक्रार खोटी आहे. तक्रार अशी करावी की नोंदणीच नसल्यामुळे कुत्रा कोणाचा हे सिद्ध करता येत नाही, आणि चावा घेतल्यावर प्रत्येक पाळीव कुत्रा अचानक ‘भटका’ होतो.

२८.
ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हाच इतिहास अकरा दिवसांत पुन्हा घडला. ११ तारखेच्या आदेशाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्यास सांगितले. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला : निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्री परत सोडावीत, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, खाणे ठरावीक जागीच घालावे. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हटवून तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. चर्चा मात्र ‘कुत्री जिंकली की हरली’ यावर रंगली. लस कोण टोचणार, निवारा कोणत्या पैशाने उभा राहणार, हे विचारणारे थोडेच निघाले.

२९.
उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात २०१३ नंतरच्या वर्षांत सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी घरोघर, वाड्यावाड्यांवर जाऊन पाळीव आणि भटक्या दोन्ही कुत्र्यांना लस टोचली. जाळ्यांनी कुत्री धरायची, टोचायची, खूण करायची, फोनवरील नकाशात नोंद करायची, पुढच्या गल्लीत जायचे. शाळांतून मुलांना दंशाची माहिती दिली. संशयित कुत्र्याची खबर घेणारी यंत्रणा ठेवली. २०१७ नंतरच्या काही वर्षांत तिथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित तिथे प्रत्यक्षात उतरले.

३०.
तेव्हा स्थानिक नियम कसा असावा, याचे उत्तर इतिहासातच आहे. प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद मालकाच्या नावे आणि दरवर्षी लसीचा पुरावा. सोडून देण्याला टोचेल असा दंड. खाणे घालणाऱ्याने जागा ठरवून घ्यावी आणि त्या कुत्र्यांच्या लसीकरणात पालिकेला हात द्यावा. पालिकेने प्रभागवार लसीकरणाचा आकडा दरसाल जाहीर करावा. उकिरडा उचलला गेला नाही तर आरोग्य खात्यातील कोणाला विचारायचे, हे लिहिलेले असावे. आणि दवाखान्यात लस व सीरम संपलेले नसावे.

३१.
एक व्यावहारिक नोंद, कारण ती वादाहून महत्त्वाची आहे. चावा बसला वा ओरखडा उठला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तंबाखू, मिरची लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी उपचार झाले तर जवळजवळ नेहमीच वाचतो. या दोन वाक्यांमधले अंतर म्हणजेच सार्वजनिक आरोग्य.

३२.
१८३२ च्या सरकारने मेलेल्या कुत्र्याची किंमत आठ आणे ठरविली. १९६० च्या कायद्याने टाकून दिलेल्या कुत्र्याची किंमत पन्नास रुपयांपर्यंत नेली. जिवंत कुत्र्यासाठी आणि त्याच्या शेजारी खेळणाऱ्या मुलासाठी उत्तरदायी कोण, ही रकाना मात्र दोन्ही वेळी कोरा राहिला. कुत्री मारा आणि कुत्री वाचवा अशा आरोळ्या देणारे दोन्ही पक्ष तो कोराच ठेवू इच्छितात, कारण तिथे माणसाचे नाव लिहावे लागते. पुढच्या वेळी प्रभागात या विषयावर सभा भरली, तर कुत्र्यांविषयी बोलण्याआधी त्या रकान्यात कोणाचे नाव आहे, एवढेच विचारावे.

(थ्रेड समाप्त)